शिकारीचा न्याय कोणाच्या मापाने?

सातारा जिल्ह्यात पाटण-जावळीच्या उतारांवर आणि सांगली जिल्ह्यात शिराळ्याच्या पश्चिम भागात भुईमूग भरू लागला, भात निसवू लागले, की शेतकऱ्याची रात्र घरात जात नाही. माळ्यावर बसून डबे वाजवावेत, शेकोटी पेटती ठेवावी, आरोळ्या द्याव्यात आणि पहाटेच्या गारव्यात क्षणभर डोळा लागताच रानडुकरांच्या कळपाने उभे शेत उकरून टाकावे, हा अनुभव त्या बाजूला कोणालाच नवा नाही. उसाचे क्षेत्र वाढले तसा डुकरांना बारमाही आडोसा मिळाला. कोयना आणि चांदोली ही अभयारण्ये १९८५ साली झाली, २०१० साली त्या दोहोंचा मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. ते योग्यच झाले. परंतु रान राखले जात असता रानाच्या कडेचे शेत कोणी राखावयाचे, याचे उत्तर त्याबरोबर दिले गेले नाही.

या विषयाची चर्चा सुरू झाली की ती नेहमी एकाच मुद्द्यावर येऊन थांबते : डुकरे मारू द्यावीत की नाही? त्या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला आहे आणि तो क्वचितच कोणी उघडपणे विचारतो. मारावयाचेच ठरले तर कशाने, केव्हा आणि कोणी मारावे? बंदूक न्याय्य आणि फासा अन्याय्य, हे कोणी ठरविले? भाला मर्दुमकीचा आणि कुत्रे लावून केलेली शिकार मात्र चोरटी, हा निवाडा कोणत्या आधारावर झाला? हे प्रश्न वरवर पाहता शौकीन शिकाऱ्यांचे वाटतात. वस्तुतः ते शेतकऱ्याचे आहेत, आणि त्याहूनही अधिक, ज्यांची उपजीविकाच शिकारीवर होती त्या जमातींचे आहेत.

साधनांच्या न्याय्यतेचा हा वाद अमेरिकेत फार तपशीलाने चालतो. तेथील विस्कॉन्सिन राज्याने १९३४ साली हरणांच्या शिकारीसाठी केवळ धनुष्यबाणाचा स्वतंत्र हंगाम सुरू केला. पुढे इतर राज्यांनीही तो मार्ग धरला. आज त्या राज्यात धनुर्धरांचा हंगाम सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या आरंभापर्यंत चालतो आणि बंदुकीचा मुख्य हंगाम नोव्हेंबरातल्या नऊ दिवसांचा असतो. कारण असे सांगतात, की बाण टाकणाऱ्याला जनावराच्या अगदी जवळ जावे लागते, त्याचा नेम थोडक्यांनाच साधतो, म्हणून त्याला अधिक दिवस दिले तरी कळपाला धक्का बसत नाही. बंदूकवाले म्हणतात, आम्हांला नऊ दिवस आणि यांना महिनोन्महिने, हा कोठला न्याय? त्यात २०१४ पासून खटक्याचे धनुष्य, ज्याला तेथे क्रॉसबो म्हणतात, सर्वांना खुले झाले, तेव्हा मूळचे धनुर्धरच म्हणू लागले की हे धनुष्य नव्हे, ही तर बिनआवाजाची बंदूक. यातले कोण बरोबर, हे ठरविण्याची आपल्याला गरज नाही. तेथे हत्याराची किंमत हंगामाच्या दिवसांत मोजली जाते, एवढे लक्षात घेतले म्हणजे पुरे.

इंग्लंडात नेमका उलट निवाडा झाला. तेथे १९६३ च्या हरणविषयक कायद्याने हरणावर बाण सोडण्यास बंदी आली आणि १९८१ च्या वन्यजीव कायद्याने धनुष्याला इतर रानजनावरांच्या बाबतीतही मज्जाव झाला. बाणाने जनावर तत्काळ मरत नाही, रक्तस्रावाने मरते, म्हणून ते साधन क्रूर ठरले. मात्र ज्या काळात बाण क्रूर ठरला होता त्याच काळात कोल्ह्यामागे शिकारी कुत्र्यांचा ताफा सोडून घोड्यावरून त्याचा पाठलाग करणे कायदेशीर होते. त्यावर बंदी येण्यास २००४ चा कायदा व्हावा लागला. एकच बाण अटलांटिकच्या एका तीरावर सर्वांत खिलाडू आणि दुसऱ्या तीरावर सर्वांत निर्दय, हे पाहिले म्हणजे शंका येते की या निवाड्यांत जनावराच्या वेदनेपेक्षा शिकाऱ्याच्या प्रतिष्ठेचा विचार अधिक झाला असावा. ही शंका मनात ठेवूनच आपल्या कायद्याकडे वळणे बरे.

आपल्याकडचा जुना शिकारशौक साहेबांचा आणि संस्थानिकांचा. दख्खनमध्ये गोरे अंमलदार घोड्यावर बसून भाल्याने रानडुक्कर मारीत. बेडन-पॉवेलने १८८९ साली या खेळावर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. जेथे हा खेळ चाले तेथे डुकराला गोळी घालणे हे सद्गृहस्थाला न शोभणारे कृत्य मानले जाई. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनाही भाल्याच्या शिकारीची आवड होती. चित्ते पाळून त्यांच्याकरवी काळविटाची शिकार करण्याची रीतही कोल्हापूर दरबारी होती. आज ज्या डुकराला शेताचा शत्रू म्हणून हिणवले जाते त्याला त्या काळी तोलामोलाचा प्रतिस्पर्धी म्हणून मान होता. अर्थात ज्यांच्या शेतातून हे घोडे दौडत, त्यांचे मत कोणी विचारले नव्हते.

वन्यजीव संरक्षणाचा १९७२ चा कायदा आला तेव्हा शिकार लगेच बंद झाली नाही, हे आजच्या पिढीला कदाचित ठाऊक नसेल. काही प्राण्यांना पूर्ण संरक्षण मिळाले. इतरांची ‘मोठी शिकार’, ‘लहान शिकार’ अशी वर्गवारी होऊन परवाने, शुल्क आणि बंद हंगाम ठरले. रानडुक्कर मोठ्या शिकारीत होते. त्या कायद्याचे मूळ सतरावे कलम आज मुद्दाम वाचण्यासारखे आहे. मोटारीतून शिकार करू नये. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत करू नये. पाणवठ्यावर दबा धरू नये. रानाला आग लावू नये. हे सारे ठीकच होते. पण त्याच कलमात स्फोटके आणि विष यांच्या पंक्तीला जाळी, खड्डे, सापळे आणि फासे बसविले होते. कुत्र्यांच्या मदतीने शिकार करू नये असे म्हटले होते. तेथे अपवाद होता तो पाणपक्षी, तित्तिर, लावा अशा पाखरांचा, म्हणजे बंदुकीने पाडलेले पाखरू कुत्र्याकडून उचलून आणविणाऱ्या शौकिनांची सोय झाली होती. मोठ्या शिकारीची जनावरे रायफलीनेच मारावीत. परवान्यात खास मुभा असेल तर एकगोळी बंदूक चालेल. म्हणजे बाण आपोआप बाद झाला. फासेवाल्यासाठी जनावरे पकडण्याच्या वेगळ्या परवान्याची तरतूद कागदावर होती. पण ज्याला गावात एक रात्र पाल ठोकू देत नसत त्याने कचेरीत जाऊन असा परवाना मिळवावा, ही अपेक्षा करणाऱ्याने पारध्याचे पाल कधी जवळून पाहिले नसावे.

या कलमामागचा हेतू वाईट होता असे आमचे म्हणणे नाही. स्वातंत्र्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत जीप आणि झगझगीत दिवे घेऊन माळरानावरचे हरीण ज्यांनी संपविले त्यांना आवर घालणे निकडीचे होते. पण ते करताना खिलाडूपणाची जी व्याख्या कायद्यात शिरली ती जीपवाल्यांच्याच आधीच्या पिढीची, म्हणजे रायफल बाळगणाऱ्या साहेबी शिकाऱ्याची होती. ज्यांच्या हाती रायफल कधी आलीच नाही त्यांच्या शिकारीला स्वतःची काही शिस्त असू शकेल, हा विचार त्या व्याख्येत नव्हता.

अशी शिस्त होती. कैलास मल्होत्रा आणि माधव गाडगीळ यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या तीन भटक्या समाजांच्या शिकारीचा अभ्यास केला. तो १९८३ साली प्रसिद्ध झाला. एकाच मुलुखात फिरणाऱ्या या तिघांची साधने वेगळी आणि सावजही वेगळे. नंदीवाले कुत्र्यांच्या साह्याने रानडुक्कर, साळिंदर, घोरपड धरीत. वैदू सापळे लावून मुंगूस, उदमांजर अशी लहान जनावरे पकडीत. फासेपारधी फाशांनी काळवीट, मोर, तित्तिर, लावे धरीत. एकाने दुसऱ्याच्या सावजावर हात टाकावा असे सहसा घडत नसे. फासेपारध्यांविषयी आणखी एक गोष्ट गाडगीळांनी नोंदविली आहे : फाशात गाभण हरिणी किंवा पाडस सापडले तर ते सोडून देण्याची त्यांच्यात चाल होती. कायद्याने मादी आणि पिलू यांना न मारण्याचा नियम १९७२ साली केला. फासेपारध्याकडे तो लिहून ठेवलेला नव्हता, एवढाच फरक.

येथे फाशाची रीत थोडी समजून घेतली पाहिजे, कारण पुढचा सारा मुद्दा तिच्यावर उभा आहे. पारधी हरणांच्या वाटेवर फाशांची ओळ मांडतो आणि निघून जात नाही. त्याची माणसे बाजूंनी हरणांना हळूहळू त्या ओळीकडे वळवितात, पाय अडकताच धावत जाऊन पोचतात. जनावर ओळखून ते मारायचे की सोडायचे, हा निर्णय त्या क्षणी माणूस घेतो. म्हणजे साधन फासा असले तरी शिकारी हजर असतो. रायफलीच्या चापावर बोट ठेवणारा जेवढा हजर, तेवढाच हा. किंबहुना अधिक; कारण सुटलेली गोळी परत घेता येत नाही, फासा सोडविता येतो.

आता आजच्या सह्याद्रीच्या पायथ्याला काय चालते ते पाहावे. कायद्यात १९९१ साली दुरुस्ती होऊन शौकाची शिकार संपली. सतरावे कलम मोठ्या शिकारीच्या यादीसह गेले. शिकार मात्र थांबली नाही. मोटारसायकलीच्या क्लचची तार बांधाच्या भोकात लावून ठेवली जाते आणि लावणारा घरी झोपतो. डुकरासाठी लावलेल्या त्या तारेत बिबट्या अडकतो, भेकर अडकते, गावातले कुत्रेही अडकते. रात्रभर ओढाताण होऊन तार कमरेत रुतते. पिठाच्या गोळ्यात दारू भरून केलेला गावठी बॉम्ब वाटेवर टाकला जातो; तो चावताच जनावराचा जबडा उडतो आणि ते दोन-दोन, तीन-तीन दिवस अन्नपाण्यावाचून हिंडून मरते. तो गोळा चरणाऱ्या गाईच्या तोंडी गेला तर गाईचीही तीच गत. शेतपंपाच्या जोडावरून कुंपणात वीज सोडली जाते आणि पहाटे पाणी धरायला आलेला शेजारी तिला चिकटतो. यात शेतकऱ्याचा नाइलाज आम्ही समजू शकतो. साधनाचे समर्थन करू शकत नाही.

आणि या तारेला ‘फासकी’ म्हणून जुन्या फाशाच्या खात्यात टाकले जाते, ही पारध्यावर दुहेरी आपत्ती आहे. कारण दोहोंत नावाखेरीज साम्य थोडे. शिकारी समोर असताना चालणारे साधन आणि शिकारी गैरहजर असताना आपोआप चालणारे साधन, असा भेद केला की क्रूरतेचा बराचसा गुंता सुटतो. बॉम्ब, विष, वीज, सोडून दिलेली तार ही सारी दुसऱ्या वर्गातली. त्यांना नर-मादी कळत नाही, डुक्कर-बिबट्या कळत नाही, जनावर-माणूसही कळत नाही. बंदूक, भाला, बाण, कुत्रे, राखणीचा फासा पहिल्या वर्गातले. त्यांत कुशल-अकुशल असा फरक आहे, पण निवड करणारा माणूस तेथे आहे. हा भेद १९७२ च्या कायद्याने केला असता तर फासा आणि सुरुंग एका ओळीत आले नसते.

जुन्या रीतींचे गोडवे गाण्यात मात्र अर्थ नाही. माळरानच उरले नाही तेथे काळवीट कोठून उरणार, आणि पाखरांची संख्या अशी रोडावलेली असता पारध्याला पुन्हा फासे मांडू द्या असे कोणी म्हणणार नाही. पारध्यांच्या नव्या पिढीलाही ते नको आहे. त्यांना शाळा, जमीन आणि पोलिसांच्या संशयातून सुटका हवी आहे. १८७१ च्या कायद्याने आणि त्याच्या १९११ च्या सुधारित आवृत्तीने ज्यांना जन्मतः गुन्हेगार ठरविले, त्यांच्यावरचा तो शिक्का १९५२ साली कायद्यातून पुसला गेला, लोकांच्या मनातून नाही. गुन्हेगारीच्या शिक्क्यापाठोपाठ चोरट्या शिकाऱ्याचाही शिक्का त्यांच्यावर बसला, आणि जीपवाले शौकीन मात्र निवृत्तीनंतर शिकारकथा लिहिते झाले. त्यांपैकी काहींना खरा पश्चात्ताप झाला आणि ते जंगलाचे उत्तम मित्र बनले, हेही प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे.

प्रश्न उरतो तो आजच्या डुकराचा. पिकाची नासाडी करणाऱ्या डुकराला मारण्याची परवानगी देण्याचा अधिकार कायद्याच्या अकराव्या कलमाखाली आहे आणि महाराष्ट्र शासनाने २०१५ साली तो वनक्षेत्रपालाच्या पातळीपर्यंत खाली आणला. परवानगी मिळालेल्या शेतकऱ्याने पुढे काय करावे? त्याच्याजवळ बंदूक असेल तर तो डुक्कर मारील. नसेल तर परवानगीचा कागद जपून ठेवील. कायद्याचे आणखी एक कोडे असे, की १९५९ च्या शस्त्र अधिनियमात पीकरक्षणासाठी म्हणून जिचा खास उल्लेख आहे ती ठासणीची बंदूक आहे. म्हणजे मोठ्या जनावरावर रायफलीखेरीज काही चालवू नये, असे खिलाडूपणाच्या नावाने एका कायद्याने सांगितले होते, आणि दुसरा कायदा त्याच जनावरासमोर शेतकऱ्याला एकदाच उडणारी, जनावर हमखास जखमी करून सोडणारी बंदूक देतो. जखमी डुक्कर उसात शिरले की दुसऱ्या दिवशीच्या तोडणी मजुराला ते भेटते. त्यातही निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. डुकरांना आचारसंहिता लागू नाही.

केरळने मे २०२२ मध्ये एक पाऊल पुढे टाकले. पंचायतींच्या अध्यक्षांना मानद वन्यजीव रक्षकाचा दर्जा देऊन डुकराविषयीचा निर्णय गावातच घेण्याची सोय केली आणि विष, स्फोटके, वीज यांना स्पष्ट मनाई केली. आम्ही वर केलेला भेद त्यांनी, नकळत का होईना, मान्य केला म्हणावयाचा. पण तेथेही अडचण आली ती बंदूकधाऱ्यांची. परवानाधारक आणि नेमबाज अशी माणसे गावोगाव सापडेनात. निर्णय गावात आला, पण तो अमलात आणणारा हात गावात नव्हता.

मधूनमधून अशीही सूचना कानांवर येते, की परदेशाप्रमाणे आपल्याकडेही धनुष्याचा किंवा बंदुकीचा हंगाम ठेवावा, शुल्क घ्यावे आणि शौकिनांकडून डुकरे कमी करून घ्यावीत. ही सूचना आम्हांला मुळीच मान्य नाही. धनुष्य हे उत्तरेकडच्या भिल्लांचे साधन. कृष्णा-वारणेच्या खोऱ्यात ते शहरी हौशी मंडळींच्या मोटारीतूनच येणार. महिना-दोन महिने सराव करून आलेल्या हौशी हातांनी सोडलेला बाण डुकराच्या खांद्याच्या चिवट कातड्यात अडकावा आणि ते जनावर कोणाच्या तरी शेतात सडावे, यात न शेतकऱ्याचे हित न जनावराचे. शिवाय हंगामाचा अर्थ मौज असा होतो. डुक्कर मारणे ही येथे मौज नाही, नाइलाज आहे. त्याला पंचांगातले दिवस ठरवून देणे म्हणजे पुन्हा शौकिनाच्या मापाने कायदा शिवणे. गाडगीळांसारख्या अभ्यासकाने संरक्षणाचा कायदाच शेतकऱ्यावर अन्याय करणारा आहे अशी भूमिका घेतली. तिच्यातली तळमळ पटते. परंतु शिकार सरसकट मोकळी केली तर पहिला फायदा तार लावून घरी झोपणाऱ्याचा होईल, ही भीती दूर सारता येत नाही.

त्यापेक्षा वनखात्याने पाटण आणि शिराळा या दोन तालुक्यांपुरते एक-एक पथक उभारावे. चांगली रायफल, तिचा खरा सराव असलेले दोघे-तिघे, आणि माग काढणारी माणसे. माग काढण्याचे काम पारध्यांइतके चोख कोण करील? शाहू महाराजांनी १९१८ साली आपल्या संस्थानात हजेरीची जाचक पद्धत बंद केली आणि फासेपारध्यांनाही कामावर ठेवले. ज्यांच्यावर पहारा ठेवावा असे सरकार म्हणत होते त्यांनाच त्यांनी पहाऱ्यावर नेमले. वनखात्याला ते आज अशक्य का वाटावे? या माणसांना रोजंदारी नव्हे तर नियमित पगार द्यावा. तारा शोधून काढण्याचे कामही त्यांच्याकडेच सोपवावे; फाशाची जागा ज्याला कळते त्यालाच लपविलेली तार लवकर दिसते.

मारलेल्या प्रत्येक जनावराची नोंद ठेवावी : कोणत्या शेतात, नर की मादी, किती गोळ्या लागल्या, मरण्यास किती वेळ गेला, जखमी होऊन किती सुटली. हा तपशील ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावा. आणि शेतकऱ्यांच्या अर्जांचा निकाल भाद्रपदापूर्वी व्हावा, कारण भुईमूग उपटून झाल्यावर आलेल्या परवानगीने त्या वर्षीचे शेत काही परत येत नाही.